रोल संपेपर्यंत

फोन वाजायला लागला तेव्हा सदाशिवराव गच्चीवर पाण्याच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होते आणि बायकोवर चिडलेले होते. बॉलकॉक पुन्हा अडकला होता, गच्चीभर पाणी झालं होतं, आणि पान्हा जागेवर नव्हता. पान्हा जागेवर नाही म्हणजे तो शकुंतलाने कशाला तरी घेतला, हे या घरात ठरलेलं होतं. कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या घरात हत्यार जागेवर सापडू नये, याचा त्यांना दर वेळी नव्याने राग यायचा. आणि ही बाई गळ्यात कॅमेरा अडकवून अशोका गार्डन वस्तीत मैत्रिणीकडे, प्रतिभाकडे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेली. फोन तिचाच असणार. दूध तापवून ठेवा, कपडे आत घ्या, दुसरं काय सांगणार? त्यांनी तो वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

शेवटी ओल्या हातानेच उचलून ते म्हणाले, "पान्हा कुठे ठेवलास ते आधी सांग."

"भाऊजी, मी प्रतिभा बोलतेय," पलीकडून आवाज आला. "तुम्ही लगेच हॉस्पिटलात या. स्कूटर नका काढू. शैलेंद्रला म्हणावं, गाडीने घेऊन चल."

शैलेंद्र शेजारी राहायचा आणि महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवायचा. त्याने काही न विचारता गाडी काढली. इंद्रपुरीतल्या घरातून निघण्याआधी सदाशिवरावांनी वाहतं पाणी बंद केलं, गच्चीचं दार लावलं, आणि वाटेत गर्दीत अडकले तेव्हा पुढच्या रिक्षावाल्याला खिडकीतून चार शब्द सुनावले. हॉस्पिटलच्या दारात प्रतिभा उभी होती. तिच्या एका हातात शकुंतलाची पर्स होती, दुसऱ्या हातात वाण म्हणून लुटलेली स्टीलची गाळणी, आणि गळ्यात शकुंतलाचा कॅमेरा. तिला तोंडाने काही सांगावं लागलं नाही. शकुंतला शुद्धीवर असती तर तो कॅमेरा तिने दुसऱ्या कोणाच्या गळ्यात राहू दिला नसता.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. चहा घेताना बसल्या जागी कलंडली.

पान्हा दुसऱ्या दिवशी सापडला. लोणच्याच्या बरणीमागे होता. झाकण उघडायला घेतला असणार.

हा कॅमेरा मुळात शकुंतलाचा नव्हता. त्यांची मुलगी मेघा पुण्याला असते. तिने तो वडिलांना सत्तरीला म्हणून पाठवला होता. बाबांचा जुना फिल्मचा कॅमेरा कधीच बंद पडला होता, आणि हा दिसायला थेट तसाच होता. वर चंदेरी पत्रा, खाली काळं चामडं, डोक्यावर गोल चक्रं, आणि उजवीकडे रोल पुढे सरकवायची दांडी. आत मात्र सगळं डिजिटल. सदाशिवरावांनी दांडी दोनदा ओढून बघितली, कानाशी धरून पुन्हा ओढली आणि निकाल दिला.

"आत काही नाही. नुसती स्प्रिंग आहे. हे म्हणजे नव्या सुनेला आजीचं लुगडं नेसवून फोटोला उभं करायचं."

"तुम्हाला नको ना?" शकुंतला म्हणाली. "मग आणा इकडे."

जुन्या कॅमेऱ्याला तिने कधी हात लावलेला नव्हता, कारण सदाशिवराव लावू द्यायचे नाहीत. नवा हातात आला आणि बाई बदललीच. मोठ्या तलावावर सकाळी फोटो काढत हिंडणाऱ्यांचा एक गट होता, त्यात ती सामील झाली. घरी येऊन नाश्त्याच्या आधी उजेडाबद्दल बोलायला लागली. आणि त्या कॅमेऱ्यात जी सगळ्यात अडाणी सोय होती, नेमकी तिच्याच प्रेमात पडली.

ती सोय अशी. एक चक्र फिरवलं की कॅमेरा जुन्यासारखा वागायला लागायचा. छत्तीस फोटोंचा एक रोल. प्रत्येक फोटोआधी दांडी ओढायची, नाहीतर बटण दाबलं जायचं नाही. आणि रोल संपेपर्यंत काढलेला एकही फोटो बघायला मिळायचा नाही. मागच्या पडद्यावर उरलेल्या फोटोंचा आकडा तेवढा दिसायचा. रोल संपला की सगळे फोटो एकदम, एका पानावर ओळीने मांडून यायचे.

"जो त्रास आम्ही नाइलाजाने काढला, तो आता हौस म्हणून विकतात," सदाशिवराव म्हणाले होते.

"वाट बघण्यात मजा असते."

"मजा? रोल धुऊन यायला उशीर झाला की तूच तर भांडायचीस."

"वाट बघून शेवटी तुमच्या बगळ्यांचेच फोटो बघायला मिळायचे, म्हणून भांडायचे."

चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, मेघाही पुण्याला परत गेली, आणि त्याच संध्याकाळी प्रतिभा आली. प्रतिभाचा नवरा आणि सदाशिवराव एकाच वेळी महाराष्ट्रातून इथे नोकरीला आले होते. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. प्रतिभाने कॅमेरा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"भाऊजी, त्या दिवशी सांगायचं राहिलं. शेवटचा फोटो मीच काढला तिचा."

"कधी?"

"चहाच्या आधी. सगळ्या बायकांचे काढून झाले तिचे. मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, एक माझा काढ, मी कधी कुठल्या फोटोत नीट नसतेच. काळी चंद्रकळा नेसली होती. हलव्याचे दागिने आम्ही नव्या सुनेसाठी आणले होते, तेही घातले तिने. इतकी हसत होती!"

सदाशिवरावांनी कॅमेरा सुरू केला. पडद्यावर अकराचा आकडा आला. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळी. अकरा. कॅमेरा उलटा केला, सुलटा केला. अकरा.

"रोल संपल्याशिवाय दाखवत नाही तो," ते म्हणाले.

"म्हणजे आहे आत, पण दिसत नाही?"

"तीच तर मजा असते म्हणे," सदाशिवराव म्हणाले आणि कॅमेरा जरा जोरातच खाली ठेवला.

भिंतीवर तिचा फोटो लावायचा होता. तेराव्याला जो पाटावर ठेवला तो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. त्यात ती कोणावर तरी खटला भरायला आल्यासारखी दिसत होती. घरात अल्बम भरून फोटो होते, पण शकुंतला म्हणाली ते खरंच होतं. त्या काळी रोल महाग, तो अर्धवट धुवायला टाकायचा नाही ही घराची रीत. सांचीहून, पचमढीहून आले की तीन-चार फोटो उरलेले असायचे. मग सदाशिवराव स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायचे, "अगं, रोल संपवायचाय. उभी राहा." ती फ्रिजसमोर उभी राहायची, पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी, पदर खोचलेला, केस कपाळावर. "मी काय उरलेल्या रोलसाठी आहे का हो?" असं म्हणत असतानाच बटण दाबलं जायचं. प्रत्येक रोलच्या शेवटी ती होती, आणि प्रत्येक फोटोत तिचं तोंड बोलण्यासाठी उघडं होतं. फ्रिज बदलला, साडी बदलली, वाक्य तेच.

हसत असलेला, दागिने घातलेला, तिने स्वतःहून मागून काढून घेतलेला असा तो एकच फोटो. तो बघायचा होता, बस.

मेघाला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती.

"बाबा, एकदम सोपं आहे. भिंतीसमोर धरा आणि अकरा वेळा दाबा. पाच मिनिटांचं काम."

"भिंतीचे फोटो काढू?"

"काय फरक पडतो? तो खरा रोल नाहीये!"

"मग बघू का देत नाही?"

"बाबा!"

"सगळं एका पानावर येणार मेघा. आई, आणि तिच्यापुढे अकरा भिंती. तुला चालेल?"

मेघा म्हणाली की तिला मीटिंग आहे.

मग शैलेंद्र आला. "अरे काका, टेन्शन नका घेऊ. सेटिंगमध्ये जाऊन तो मोडच हटवून टाकतो, किस्सा खतम." त्याने भराभर बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. तो वाचत पुढे गेला, थबकला, पुन्हा वाचलं. "इथे म्हणतोय की रोल मधेच सोडला तर फोटो डिलीट होतील. शायद."

"शायद?"

"म्हणजे, होतीलच असं नाही. ट्राय करून बघू?"

सदाशिवरावांनी कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला. "मुलांना परीक्षेत असंच करायला शिकवतोस का रे?"

"काका, तुम्ही पण ना," शैलेंद्र म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

महाराणा प्रताप नगरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात त्यांनी अर्धी दुपार घालवली. दुकानदाराने कॅमेरा हातात घेऊन आधी त्याचं कौतुकच केलं. "क्या चीज़ है अंकल! आजकल के लड़के मरते हैं इस पर." सदाशिवरावांनी अडचण सांगितली. तो ऐकून हसला. "अंकल, ये खराबी नहीं है. यही तो फीचर है." ते दुकानातून बाहेर पडले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. कारखान्यात मशीन अडलं तर ते बिघडलेलं असायचं. बिघडलेलं असलं की दुरुस्त करता यायचं. जे मुद्दाम अडवण्यासाठीच बनवलंय, त्याचं माणसाने करायचं काय?

म्हणजे अकरा फोटो काढणं आलं, आणि भिंतीचे नाही.

पहिला फोटो त्यांनी पान्ह्याचा काढला. लोणच्याच्या बरणीमागे, सापडला तसा ठेवून. दुसरा फ्रिजच्या आतला. वाट्याच वाट्या, प्रत्येकीत चमचाभर काहीतरी, आणि तिने वर झाकलेल्या ताटल्या. त्या दिवसापासून फ्रिज साफ करायला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि वास यायला लागला होता. मग बाथरूमच्या नळाला बांधलेली चिंधी. मग बैठकीतल्या दिव्याच्या बटणावर तिने चिकटवलेली टिकली, अंधारात हात बरोबर जावा म्हणून. मग पायात अडकणाऱ्या तिच्या चपला, ज्या मधल्या दारातून बाजूला घे म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं, आणि ज्या आता हलवण्याचं त्यांच्या मनात येत नव्हतं. एकेका फोटोला ते दांडी ओढायचे, एक डोळा मिटायचे, तक्रार नोंदवल्यासारखं बटण दाबायचे. आता ही सगळी यादी तिच्यापुढे टाकायची, असं पाचव्या फोटोला त्यांच्या मनात आलं. त्यानंतर चार दिवस त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही.

मधे मेघाचे फोन चालूच होते. "किती राहिले?" असं ती रोज विचारायची, जणू ते मुद्दाम रेंगाळत होते.

"तुला एवढी घाई का?"

"मला आई बघायचीय बाबा!"

"मग मला काय बगळे बघायचेत?"

सहावा फोटो काढायला ते प्रतिभाकडे गेले. शकुंतला जिथे उभी राहिली होती ती जागा त्यांना बघायची होती. उजेड कुठून होता, एवढं कळलं तर मनाशी काही अंदाज बांधता आला असता. प्रतिभाने जागा दाखवली. अंगणात, जिन्याच्या पायरीशी.

"ऊन समोर होतं की पाठीशी?"

"ऊन होतं, एवढं आठवतं."

"वहिनी, ऊन तर मलाही माहीत आहे. कुठल्या बाजूला?"

"भाऊजी, मी हळदीकुंकू करत होते हो, ऊन मोजत नव्हते!"

सदाशिवरावांनी रिकाम्या पायरीचा फोटो काढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "बरं, मी पायरीशी उभा राहतो. तुम्ही त्या दिवशी काढला तसाच माझा काढा. अगदी तसाच."

प्रतिभाने चष्मा वर केला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं.

"दांडी ओढली नाहीत," सदाशिवराव म्हणाले.

"कुठली दांडी?"

वरच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं.

"त्या दिवशी ओढली होती?"

"मला कोणी सांगितलंच नाही. तिने दिला, मी दाबलं."

"दाबल्यावर आवाज आला का? खट्?"

"अहो, पंधरा बायका एकदम बोलत होत्या. त्यात आतून चहा आला..." प्रतिभाचा चेहरा उतरला. "तिनेच आधी ओढून दिली असेल ना भाऊजी?"

सदाशिवराव पायरीवरच बसले.

तिने आधी ओढून दिली असेल का, याचा अंदाज त्यांच्याशिवाय जगात कोणालाच करता आला नसता, आणि त्यांना तो करायला नको होता. कॅमेरा घरात आला त्याच आठवड्यात त्यांनी तिला नियम घालून दिला होता. फोटो काढल्याबरोबर दांडी ओढायची नाही. आतली स्प्रिंग ताणलेली राहते, ढिली पडते. पुढचा फोटो काढायच्या वेळेलाच ओढायची. जुन्या कॅमेऱ्याला त्यांनी पंचवीस वर्षं तसंच वागवलं होतं. शकुंतला म्हणाली होती, "पण आत तर काही नाही म्हणत होता ना?" त्यावर ते म्हणाले होते, "नसू दे. हाताला वळण चांगलं हवं."

म्हणजे तिने त्यांचं ऐकलं असेल, तर त्या दिवशी दांडी ओढलेली नव्हती. बटण दाबलं गेलं नव्हतं, आणि हसणारी शकुंतला त्या कॅमेऱ्यात नव्हतीच. आणि नेहमीप्रमाणे ऐकलं नसेल, तर होती.

उभ्या संसारात तिने आपलं ऐकावं म्हणून त्यांनी घसा कोरडा केला होता. पान्हा, चपला, वाट्या, गॅसची शेगडी. आता घरी येताना शहर बसमध्ये दांड्याला धरून उभं राहून ते मनातल्या मनात म्हणत होते, ऐकलं नसशील ना? एवढं तरी ऐकलं नसशील ना?

त्यानंतरचे फोटो भराभर झाले. आता थांबवत नव्हतं. मोठ्या तलावावर जाऊन त्यांनी तिच्या सकाळच्या गटातल्या लोकांचा एक काढला, सगळे ओळीने उभे राहून फार गंभीर झाले. गच्चीवरची टाकी काढली, बॉलकॉक अजून तसाच होता. शैलेंद्रचा काढला, तेवढ्याने त्याचा रुसवा गेला. "काका, स्माइल देऊ की सीरियस?" "तू फक्त बोलू नकोस." एक बगळाही काढला. तो तिला चिडवायला.

महिन्याच्या श्राद्धाला मेघा आली तेव्हा पडद्यावर एकाचा आकडा होता. जेवणं झाल्यावर तिने कॅमेरा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"एक? एकासाठी तुम्ही मला चार दिवस थांबवलंत?"

"शेवटचा आहे. असा कसाही काढायचा नाही."

"बरं. मी उभी राहते. कुठे राहू?"

सदाशिवरावांनी बोटाने दाखवलं. ती स्वयंपाकघरात फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. फ्रिज आता धुऊन पुसून रिकामा होता, तो तिनेच सकाळी नाक धरून साफ केला होता. तिचे हात भांडी घासून ओले होते आणि ओढणी कमरेला बांधलेली होती. सदाशिवराव दारात उभे राहिले. त्यांनी दांडी ओढली, डोळा काचेला लावला. मेघाने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले.

"काढा ना बाबा. मी काय दिवसभर उभी राहू का?"

तोंड उघडं, भुवया वर. बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर त्या क्षणी कळलं असतं. सगळं पान समोर आलं असतं, पायरीशी हसणारी ती, किंवा बायकांचा घोळका आणि त्याच्या लगेच पुढे पान्हा.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं आता?"

"उजेड नाही."

"बाबा, दुपारचा एक वाजलाय! खिडकीतून डोळ्यावर ऊन येतंय माझ्या!"

"तुला नाही कळायचं उजेडातलं," सदाशिवराव म्हणाले. त्यांनी भिंगावर झाकण बसवलं आणि कॅमेरा फ्रिजच्या वर, भिंतीला टेकवून ठेवला.

मेघा बडबडत राहिली. मग तीही थकली, आणि रविवारच्या गाडीने पुण्याला गेली. बॉलकॉक सदाशिवरावांनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला आणि पान्हा परत बरणीमागे ठेवला. भिंतीवर अजून आधार कार्डाचाच फोटो आहे. रोलमधला एक फोटो काढायचा राहिला आहे.